खिडकी क्रमांक तीन

मौलिक दुष्यंत परीखला मी चार वर्षं ओळखत होते,
एकदाही न पाहता.
ऑपेरा हाउसच्या शाखेत, एसीच्या थेट खाली,
त्याच्या वडिलांचे फॉर्म माझ्या हातून मेलबर्नला जायचे.
फी, घरभाडं, पुन्हा घरभाडं,
कारण पहिल्या घरातून नदी दिसत नव्हती.

खर्चाला माणसाचा वास असतो.
तो गारठलाय हे मला जूनमध्ये कळलं
(तिकडे जूनमध्ये थंडी, हेही तेव्हाच कळलं)
एका कोटाच्या बिलावरून.
माझा अडीच महिन्यांचा पगार त्याने अंगावर घातला
आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.
पोराला ऊब मिळाली.

दुसऱ्या वर्षी त्याच्या घरात शुएफंग राहायला आला.
फोशानचा. बापाचे फरशांचे कारखाने.
हे दुष्यंतभाईंनी सांगितलं, पेनाचं टोपण चावत,
"एना पप्पाए पीळी गाडी लई आपी. हवे आने पण जोईए."
पिवळी नको, म्हणे. निळी.
निळीचा आकडा वर्षाच्या मर्यादेत मावेना,
मग आईचा फॉर्म आला, काकाचा आला,
शेवटी चौऱ्याऐंशी वर्षांच्या मोंघीबा
व्हीलचेअरवरून खिडकीशी आल्या.
मी बोट ठेवलं तिथे थरथरती सही केली
आणि विचारलं, "आ कागळ शेनो छे?"
शिक्षणाचा, मी म्हटलं.
कोडच्या यादीत शिक्षण होतं, निळी गाडी नव्हती.

रात्री ओटा पुसून झाला की
फोनवर नकाशा उघडून मी त्यांच्या गल्लीत जायचे, बोटाने.
नदीपासून कॉलेजपर्यंत अठरा मिनिटं.
कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान, पुढे ती जपानी खाणावळ
जिथे दोघांनी एका बैठकीत उडवलेले पैसे
मीच दुसऱ्या दिवशी बारा वाजता भरून काढले होते.
काय बघतेस गं इतकं? नवरा विचारायचा.
गिऱ्हाईक, मी म्हणायचे.

मग फॉर्म थांबले. एकदम नाही.
आधी काकाचे, मग आईचे.
हिरेबाजारात काही झालं होतं,
आमच्या कॅन्टीनमध्ये दोन दिवस तोच विषय,
तिसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी बुडालं.

गेल्या मंगळवारी पैसे उलटे आले.
दोनशे वीस डॉलर. पाठवणारा, लियांग शुएफंग.
आणि खिडकीशी मौलिक. माझ्या मनातल्यापेक्षा बुटका,
एक बाही दुमडलेली, दुसरी विसरलेली.
त्याने नाव सांगायच्या आधीच मी म्हटलं, बस.

कारण काय लिहू?

"त्याच्या पप्पांचं पण बुडालं, मॅडम. माझ्या आधी.
त्याची गाडी पहिली गेली.
सात महिने भाडं मी भरलं"
(तू नाही रे, मी)
"आता तो रात्री एका किचनमध्ये मोदकासारखं काहीतरी वळतो.
दर महिन्याला एवढे पाठवतो.
मी नको बोललो, तर सहा दिवस बोलला नाही."

यादी वरखाली केली.
कर्जफेड?
"कागद नाही काही."
मग भेट?
"भेट लिहिलंत तर तो चिडेल."
रांगेत मागे कुणी खोकलं.
मी लिहिलं शेवटी काहीतरी,
काय ते सांगत नाही, साहेबांनी अजून पास केलेलं नाही.

उठताना त्याने विचारलं, तुम्ही गेलायत कधी तिकडे?
नदीपासून कॉलेजपर्यंत, मी म्हटलं.
तो हसला नाही.
म्हणाला, मध्ये एक चढ आहे.
नकाशात दिसत नाही.