अवलंबित

अकरा वर्षांनी लग्नाची नोंद करायला गेलो
घणसोलीच्या वॉर्ड ऑफिसात,
तर बाई म्हणाल्या, भटजींची सही आणा.
भटजी मागच्याच्या मागच्या वर्षी गेले.
धवलारीण आहे अजून, ऐंशीच्या पुढची.
रात्रभर धवले गाऊन तिनंच तर लावलं आमचं लग्न,
पण धवलारणीला रकाना नाही फॉर्मात.

दर्शना फेब्रुवारीत गेली. लिमरिक.
नकाशावर बोट ठेवलं की बोटाखाली झाकून जातं सगळं,
तिचं हॉस्पिटल, तिनं बघून ठेवलेलं दोन खोल्यांचं घर,
रेवाची शाळा.
आता आम्ही जायचं.
त्याआधी सिद्ध करायचं की आम्ही तिचे आहोत.

पासपोर्टवर ती दर्शना हसुराम पाटील,
आधारवर दर्शना जयेंद्र म्हात्रे.
कोकण भवनाबाहेर टेबल मांडून बसलेल्या वकिलानं
स्टँपपेपरवर टाइप केलं :
सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.
सही करताना आठवलं, तिकडे वॉर्डात तिला डॅश म्हणतात.
परवा फोनवर बोलता बोलता
मागच्या कुणाला तरी ती इंग्रजीत काही बोलली, हसली,
आणि माझ्याकडे वळली तेव्हा
त्यातलं थोडं हसू चेहऱ्यावर राहून गेलं होतं.
त्या तिसरीबद्दल मी शपथेवर काही सांगितलेलं नाही.

नातं खरं असल्याचे पुरावे जोडा. एकत्र फोटो.
फोटो सगळे मीच काढलेले, म्हणजे मी कुठेच नाही.
एकात, ऐरोलीच्या खाडीवर,
माझी सावली पडलीय तिच्या साडीवर
निऱ्यांपासून कमरेपर्यंत.
तो लावला. खाली लिहिलं, अर्जदार.

चॅट जोडा, निवडक.
निवडायला बसलो.
सिलिंडर आला का.
रेवाचं नाक वाहतंय अजून?
हप्ता कापला बघ.
कांदे आत घे.
मी जेवले, तू जेव.
दोनशे पानं अशीच.
एके ठिकाणी नुसतंच, पोचलास?
एवढ्यावर कोण देईल व्हिसा?
प्रेम हा शब्द शोधून पाहिला,
तर किराणावाल्या प्रेमजीभाईचा नंबर आला.

बाबा पलंगावरून बघत होते.
उठले, कपाटातून त्यांची फाइल काढली :
साड्यांच्या दुकानाची पिशवी,
आत प्लॅस्टिक, त्याच्या आत आणखी प्लॅस्टिक,
मग प्रकल्पग्रस्ताचा दाखला, लॅमिनेट केलेला.
सिडकोनं भाताची खाचरं घेतली तेव्हा
त्यांनाही सिद्ध करावं लागलं होतं
की ते इथलेच.
"तीन झेरॉक्स ठेव. वरिजनल कोनाला देव नको.
आन सायेब काय पन बोलला तरी हसू नको."

बाबा ग्रस्त. मी अवलंबित.
शब्द जरा मऊ झालाय, एवढंच म्हणता येईल.
रबाळ्याच्या कंपनीतली सोळा वर्षं
व्यवसायाच्या रकान्यात नीट बसली,
पण पुढच्या ओळीत विचारलंय, तिकडे काय करणार?
डबा, असं लिहावंसं वाटलं.
सहा महिन्यांत रेवाचा डबा एकदाही चुकला नाही.
लिहिलं, लागू नाही.

तुमच्यावर कोण अवलंबून आहे?
याखाली फक्त अठरा वर्षांच्या आतले चालतात.
बाबा एकोणऐंशीचे.
बहीण कळव्याला, दर शनिवारी येईन म्हणते.
शनिवार संध्याकाळ ते पुढचा शनिवार,
हे मी बोटांवर मोजतो आणि मध्येच सोडून देतो.
बाबांनी विचारलेलं नाही.
ते झेरॉक्स मोजतायत, थुंकी लावून,
पुन्हा पहिल्यापासून.

रात्री साडेबाराला फोन थरथरला.
ड्यूटी सुटली असेल तिची.
फाइल झाली का, असं काही नव्हतं.
कांदे आत घेतलेस?

नव्हते घेतले. उठलो, घेतले.
मग त्याचाही स्क्रीनशॉट काढला.