नडगी

रुवीच्या दुकानात बिजुमोन
काचेवर तीन जोड मांडतो.

पहिला जाड, उशीसारखा. शर्वाणी बांधते,
लाथ उचलते, आणि तो पोटरीवर फिरतो.
"नको. फिरला की हाड उघडं."
कोच खलफानने बजावलंय :
गुडघ्याखाली दोन बोटं सोडून, घट्ट,
आणि पाऊलही झाकलेलं.

दुसरा नुसता चकचकीत.
वेल्क्रो कर्र करतं,
शिवण आत्ताच उसवायला टेकलेली.

तिसरा मी मागतो माझ्या पायाला.
विजार वर दुमडतो,
आणि ती बघतच राहते :
नडगीवरचा तो काळपट खड्डा,
सोहारच्या साइटवर परांचीचा पाइप निसटला तेव्हाचा.
हेल्मेट होतं, बूट होते, हातमोजेसुद्धा.
नडगीचं कुणाच्या यादीत नव्हतं.

"मार," म्हणतो.
आधी हळूच मारते.
"अशी नाही."
मग दण्णकन.
बिजुमोनचा कॅल्क्युलेटर काचेवरून घसरतो.

लागलं नाही.
म्हणजे लागलं,
पण त्या जागी नाही.

नऊ रियाल मोजून बाहेर पडतो.
सिग्नलपाशी, पिशवी छातीशी धरून, ती म्हणते,
"बाबा, तेव्हा फोनवर तुझा आवाज कसातरीच होता.
सर्दी म्हणाला होतास."