बारवेत की बारवात

सेलूत रात्री साडेअकराला वीज येते
(कधीकधी; रोजचं विचारू नका)
आणि मी हिवरटाकळीच्या बारवेचं पान उघडतो.
माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं.
पाणी जागेवर आहे, 'गार' नाही.

बदलाच्या कारणात लिहिलंय :
'गार हे मत आहे. संदर्भ द्यावा.'
सही, काना_मात्रा.

मी गार परत ठेवतो.
सकाळी गेलेलं असतं.
संध्याकाळी ठेवतो, रात्री पुन्हा नुसतं पाणी.
असं नऊ दिवस. या नऊ दिवसांत
पंचायत समितीतल्या माझ्या टेबलावर
घरकुलाच्या एकशे चौदा फायली साचल्या,
पण तिथं कुणी विशेषणावरून भांडत नाही.

मग पायऱ्यांवर आलो.
मी 'पाय-या' लिहायचो, मधे आडवी काडी टाकून,
ऑफिसातल्या जुन्या कीबोर्डनं लावलेलं वळण.
त्यानं लिहिलं : 'सूर्याच्या डोक्यावर रफार असतो,
पायरीला पापणी असते, झुकलेली.
तुमच्या काडीला अडखळून वाचक पडतो.'
हे मात्र खरं होतं.
मी गुपचूप सगळ्या पायऱ्या दुरुस्त केल्या,
आभार मानले नाहीत.

मग बारवेत की बारवात.
बारव स्त्रीलिंगी, म्हणून बारवेत, हा त्याचा नियम.
आमच्याकडे बारवात म्हणतात, हा माझा.
'आमच्याकडे म्हणजे कुठे? पृष्ठ क्रमांक?'
चर्चेचं पान बारवेपेक्षा खोल गेलं.
मधेच वसमतच्या नाझिमाबाई येऊन म्हणाल्या,
आमच्या घरी बावडी म्हणतात, तेही लिहा की.
आम्ही दोघांनी मिळून
त्यांची ओळ तळटीपेत ढकलली.
तेवढ्या एकाच गोष्टीवर आमचं एकमत झालं.

एप्रिलात मी स्वतःच गेलो मोजायला.
काठावर शेळ्या, शेळ्यांमागं एक पोरगा,
नाव विचारलं तर मुंजाजी.
'कामून मोजायलाव?'
ज्ञानकोशासाठी, म्हणालो.
'बारवात उतरू नका सायेब, गाळ हाय.
बारवेच्या कडंला बसा, सावली हाय तितं.'

एका दमात दोन्ही.
मी वहीत उतरवून घेतलं.
पृष्ठ क्रमांकाच्या जागी काय लिहावं कळेना,
शेळ्या अकरा, एवढंच लिहिलं.

एकेचाळीस पायऱ्या भरल्या, खाली गाळ.
गाळाखालच्या 'आहेत' म्हणाव्यात की 'होत्या'?
सगळ्यात खालच्या पायरीशी डबकं होतं,
त्यात हात घातला.
गार.
किंवा माझाच हात तापलेला असेल.

घरी येऊन लिहिलं, 'एकेचाळीस पायऱ्या दिसतात.'
त्यानं 'दिसतात' काढलं नाही.
तीन आठवडे काहीच काढलं नाही.
मला झोप लागेना.
मुद्दाम एक 'अतिशय' टाकून पाहिलं,
ते तसंच बसून राहिलं,
जेवायला कुणी उठवत नाही अशा पाहुण्यासारखं.
शेवटी मीच काढलं.
कारणात लिहिलं : मत आहे.

काल त्याचा निरोप आला.
'जालन्यात असतो. छापखान्यात मुद्रितं तपासायचो,
छापखाना गेला, खोड राहिली.
मोतीबिंदू काढला. डाव्या डोळ्यानं
आपलं पान पुन्हा वाचलं.
बावडी तळटीपेत बरी दिसत नाही, वर घेऊ या का?
आणि दुसऱ्या परिच्छेदातला 'कि' ऱ्हस्व राहिलाय.'

आपलं पान, म्हणाला.
मी आधी कि दीर्घ केला.
मग नाझिमाबाईंना विचारलं,
बावडीत उतरताना तुम्ही नेमकं काय म्हणता?
उत्तर यायचंय.
इकडं वीज गेली.