हॉलंड म्हणजे अख्खा मराठवाडा

पूर्णा जंक्शनच्या रनिंग रूममधला टीव्ही
अर्धा हिरवा, अर्धा जांभळा.
गोलकीपर या अर्ध्यातून त्या अर्ध्यात झेपावला
की जर्सी बदलून खाली पडतो.
रात्रीचा दीड. ड्यूटी संपलेला गार्ड,
शिट्टी अजून गळ्यात,
आणि आम्ही चौघं, एका सतरंजीवर.

मुंजाजी फिटर म्हणाले, जर्मनी बघ.
जर्मनीला राग येत नाही.
गाडी उभी असताना चाकं तपासत जाणारा माणूस असतो ना,
टक, टक, प्रत्येक चाकावर हातोडी,
घाई नाही, गाणं नाही,
आणि नव्वदाव्या मिनिटाला
तडा गेलेलं चाक बरोब्बर त्याच्याच हाताला लागतं.

इटली? खाजा म्हणाला, काली मिट्टी है मियाँ.
पाय रुतला की पाय तुमचा, चप्पल तिची.
पण उन्हाळ्यात भेगा पडतात काळ्या रानाला,
बघा की, मागं कपापर्यंत पोचलीच नाही.

स्पेनला मी पाहिलंय,
क्वार्टरच्या मागं स्लॅब टाकताना.
घमेलं कुणाच्या हातात दोन श्वास टिकत नाही,
या बाईकडून त्या बाईकडं, त्या बाईकडून परत हिच्याकडं,
इतकं देखणं
की मुकादम खालून ओरडतो,
अगं पण वर कधी ओतताव?

ब्राझीलवर भुजंग काही बोलला नाही.
ते त्याचं सासर समजा.
वाईट बोलायचं नाही,
आणि हल्ली चांगलं सुचत नाही.

सकाळी मैदानावर
खाजाची शिफा, आठवीतली, आमची गोलकीपर,
भूगोलाची वही घेऊन आली.
उरुग्वे म्हणजे, तिनं वाचलं,
परभणी आणि हिंगोली, दोनच जिल्हे, वर एखादी जत्रा.
दोन वेळा कप.
क्रोएशिया म्हणजे नांदेड, थोडं इकडंतिकडं.
फायनल खेळलंय.
हॉलंड म्हणजे अख्खा मराठवाडा.
तीनदा फायनल. तीनदा हार.

मग तर पक्का आपलाच की, भुजंग म्हणाला,
अनुशेष बाकीच हाय अजून.

आम्ही हसलो.
शिफा हसली नाही.
म्हणाली, काका, मग मपली स्टाईल कोणती?

मुंजाजी फिटरांनी मैदानाकडं असं पाहिलं
जसं काल रात्रीतून कुणी आणून टाकलंय.
जुन्या लोको शेडकडं उतार.
उजव्या अंगाला वेड्या बाभळी,
दसऱ्यापासून तीन चेंडू त्यांनी खाल्ले.
म्हणून आमची पोरं उजवीकडं जात नाहीत,
चेंडू गुडघ्याच्या वर उडवत नाहीत,
अकरातली सात डाव्या पायाची झालीत
आणि हे आम्हाला कुणालाच
शिफानं विचारेपर्यंत दिसलं नव्हतं.

शिफाचा गोल पश्चिमेकडं तोंड करून.
संध्याकाळच्या मॅचला
ऊन सरळ डोळ्यांत, चेंडू दिसतच नाही.
ती कानानं अडवते.
बूट चेंडूवर कसा बसला,
पंजा की टाच, भरीव की पोकळ,
ऐकून उडी घेते, आणि चुकत नाही.
फक्त पलीकडून मालगाडी जात असली
की गोल होतो.

परभणीच्या पोरांना हे कळलंय.
परवाच्या मॅचमध्ये त्यांनी
सिग्नल पडलेला पाहिला
आणि गाडी येईपर्यंत
चेंडू नुसता आपापसात फिरवत राहिली,
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
थेट स्पेन.

आता वहीच्या मागच्या पानावर
शिफा रेघा मारून
मालगाड्यांच्या वेळा लिहिते.
४:५२. ५:२०. ५:३७, दगडी कोळसा, लांब.

मालगाडीला टाइमटेबल नसतं,
हे रेल्वेत जन्म गेलेल्या आम्हा चौघांपैकी
अजून कुणीच तिला सांगितलेलं नाही.