अर्धा तास बाकी

चरईच्या मागच्या गल्लीत बाग होती, असं मी म्हटलं
की भाऊ म्हणतो, चरईत नव्हे गं, उथळसरच्या अंगाला.
आणि हरीण नव्हतंच तिथे, जिराफ होता.
जिराफाला शिंगं असतात का रे?
असतात, तो म्हणतो. बारकी.
साठी उलटली आमची दोघांची
आणि एका सिमेंटच्या जनावरावरून
फोन आपटतो आम्ही.

हरीणच होतं.
डाव्या शिंगातून गंजकी सळई बाहेर आलेली,
तिला दप्तर अडकवायचं
आणि मोकळ्या हातांनी झोक्यांकडे सुटायचं.
झोके तीन. एकाची साखळी तुटलेली, म्हणजे दोन.
त्यातला एक कायम सुनीती बेहेरेचा,
तिचे वडील नगरपालिकेत होते ना.

भिवा माळी संध्याकाळी कर्दळीला पाणी घालायचा.
आम्ही ओंजळ पुढे केली की पाइप आमच्याकडे वळवायचा,
दुसरीकडे बघत, जणू चुकून वळला.
त्या पाण्याला रबराची चव होती.
घरचं पाणी मला कधी तेवढं गोड लागलं नाही.

कुंपणालगतच्या बाकांवर
वागळे इस्टेटच्या रात्रपाळीची माणसं सकाळी आठला टेकायची,
डबा उशाला घेऊन.
मग काही वर्षांनी ती अकरालाही दिसू लागली,
दुपारी तीनलाही.
डबा मात्र रोज भरून आणायची.
आम्ही मोठ्या झालो होतो तोवर,
तरी विचारलं नाही कोणी.

फाटकासमोर रूबेन तळकरांचं सायकलचं दुकान.
तास आठ आणे, अर्धा तास चार.
शनिवारी आमची शाळा सकाळची, दुपार रिकामी,
आणि नेमकी शनिवारीच त्यांच्या दुकानाला फळी.
त्यांचा शब्बाथ असतो, आई सांगायची,
चूलसुद्धा पेटत नाही.
मला वाटायचं, देवही काय,
नेमका आमचाच वार धरून बसला!

नऊ नंबरची लेडीज सायकल, घंटी मुकी.
मागे धरून पळायला कोणी नव्हतं मला.
तळकर पायरीवरूनच ओरडायचे,
हातात पंक्चरची ट्यूब, ट्यूबवर बुडबुडे,
"चाकाकडे नको बघू पोरी, हरणाकडे बघ!"

(हे भावाला सांगायला हवं.
हरणाकडे, म्हणाले होते ते.)

एका रविवारी चार आणे विसरले.
वहीत लिहून ठेवतो, म्हणाले, अर्धा तास बाकी.
मग मला गोवर. मी उठले तेव्हा
फळीवर खडूनं 'दुकान देणे आहे' लिहिलेलं,
आणि तळकर बायकोमुलांसकट इस्रायलला.
वही नेली की रद्दीत गेली,
कोणाला विचारणार.

बाग एकदम गेली नाही.
आधी झोके दुरुस्तीला नेले.
मग कर्दळ. मग पत्रे लागले,
पत्र्यांवर कोणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स,
आणि त्यांच्या आड खणायचा आवाज,
दोन उन्हाळे.

परवा डॉक्टरकडून येताना रिक्षा तिथेच सोडली.
फाटक निळं. आत खांबांवर उभी
पाण्याची टाकी, भलीमोठी, ओलसर सावलीची.
वॉचमन पोरगा मोबाईलमधून मान वर करून म्हणाला,
कोणाकडे जायचंय?

तोंडातून निघून गेलं, तळकरांकडे.

इथे कोणी राहत नाही मावशी, टाकी आहे.
माहीत आहे, म्हटलं.
तरी त्यानं मला खुर्ची दिली.
माझा श्वास लागलेला दिसला असेल,
किंवा बाई उगाच उभी आहे, हे त्याला बरं वाटेना.
बाटलीत नळाचं पाणी भरून आणलं.

पाणी चांगलं होतं. थंड.
रबराची चव नव्हती.
टाकीच्या एका खांबाला कमरेच्या उंचीवर
एक सळई बाहेर राहिलेली,
तिला त्याची डब्याची पिशवी अडकवलेली.

किती वेळ बसले ते घड्याळात नाही पाहिलं.
अर्धा तास झाला असेल.