हक्कसोड

निफाडचा पारा चारवर उतरला त्या आठवड्यात
कोपरावर पहिला डाग आला.
रुपयाएवढा. मग दोनाच्या नाण्याएवढा.
प्रेसमध्ये वीस वर्षं काढली की
मापं अशीच तोंडात येतात.

मी नोटा तपासते.
शाई फुटली का, आकडा घसरला का,
उजेडावर धरून, आतला धागा जागेवर आहे का.
चुकीचा कागद बोटांना आधी कळतो,
डोळ्यांना मागाहून.

डॉक्टर शौचेंनी मलम लिहून दिलं,
पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं,
"महिन्याभरात घरी काही झालं होतं का?"
नाही म्हणाले,
आणि मान खाजवली.

झालं काहीच नव्हतं.
तहसीलच्या आवारात, भावाच्या गाडीच्या बॉनेटवर,
मी हक्कसोडपत्रावर सही केली.
वहिनीने साडी दिली, पोपटी.
"कशाला गं," म्हणाले.
त्या दिवशी तेवढंच बोलले.

डॉक्टर सांगत होते, आईच्या पोटात
मेंदू आणि कातडी एकाच पदरातून निघतात.
एक आत दुमडतो, एक बाहेर राहते.
सख्खी भावंडं.
त्यांची वाटणी अजून झालेली नाही.
त्याने गिळलेलं
तिला रात्रीतून कळतं,
मज्जातंतूंच्या तोंडी,
आणि ती पेटून उठते.

डबा खाताना गांगुर्डेमामांना हे सांगितलं.
मामा कटिंगचे. त्यांनाही हेच, दोन्ही हातांना,
बारा वर्षं.
मग घरी पत्रा लागून डाव्या मनगटातला तंतू तुटला,
तेव्हापासून करंगळीच्या बाजूला
एक खपली नाही.
"बघ," म्हणाले.
बाळाच्या टाळूसारखी कातडी.
मला हेवा वाटला, खोटं का सांगू.
मग कॅन्टीनचा पोऱ्या चहा ठेवून गेला,
उकळता,
मामांची करंगळी पेल्याला टेकलेली
ती टेकलेलीच राहिली.
शेवटी मीच ओरडले.

रात्री जेल रोडच्या घरी
बाह्या वर करून कोपर दिव्याखाली धरते.
धागा काही दिसत नाही.
पण आहे.
खाजतंय म्हणजे आहे.

साडी अजून पिशवीतच.
मलमाने बोटं बुळबुळीत झालीत,
भावाचं नाव दोनदा निसटतं स्क्रीनवरून.
तिसऱ्यांदा लागतं.

रिंग जातेय.
नखं मी सकाळीच कापलीत.