पाण्याची बाजू

सोळा घरं आडवी, सोळा उभी.
एवढ्यात माणूस बसवायचा, म्हणते तुइरे,
आणि तोही टोपीसकट.

माझं वय एकसष्ट. कागदगिरणीत एकतीस वर्षं
मैलोगणती पांढरं गुंडाळलं मी
आणि त्यावर एक रेघ ओढली नाही.
आता इथंच, कायानीत, संध्याकाळच्या वर्गात
विशीतल्या पोरांमागे शेवटच्या खुर्चीवर बसतो,
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.

पहिल्या आठवड्यात माझ्या माणसाला
डोळे दिले तर तोंडाला जागा उरेना,
तोंड दिलं तर घुबड दिसे.
तुइरे शेजारी येऊन बसली.
डोळा काढू नका, म्हणाली, सावली काढा,
डोळा बघणारा आणतो घरून.
तिनं एक तपकिरी ठिपका पुसला
आणि तो गडी माझ्याकडे बघायला लागला.

चालणं चार चौकटींत.
तिसऱ्या चौकटीत माझा माणूस लंगडायचा.
राहू द्या, शेजारचा एलिएल म्हणाला,
गोष्ट आपोआप तयार झाली.

रंग बाराच. तेरावा मागितला
की तुइरे मान हलवते,
उधारी बंद केलेल्या दुकानदारासारखी.
मग निळ्यात जांभळे ठिपके पेरायचे एकाआड एक,
लांबून बघितलं की तेरावा दिसतो. उगवल्यासारखा.

मग पाण्याचा धडा.
सोपं आहे: माणूस उचला, उलटा करा,
दोन पायऱ्या काळोखात उतरवा,
एकाआड एक ओळ ठिपकाभर सरकवा.
सगळ्यांचं पाणी हललं. माझंही.
धक्क्याच्या कडेला माझा टोपीवाला,
त्याच्या तळव्यांना तळवे लावून दुसरा.

पण काहीतरी खुपत राहिलं.
दुसऱ्या दिवशी राईची भाकरी खिशात घालून नदीवर गेलो.
पुलाखालचं पाणी अगदी निवांत होतं,
आणि त्यात पुलाचा रस्ता नव्हताच.
होत्या पोटाकडच्या तुळया, गंजके बोल्ट,
कबुतराचं घरटं,
पुलावरून जाणाऱ्याला जन्मात न दिसणारं.

तुइरे, हे चूक आहे, म्हणालो.
पाणी नक्कल करत नाही. पाणी खालून बघतं.
आपण वरून बघतोय, आपल्याला टोपी दिसते.
त्याला टोपीची आतली बाजू दिसणार.
ती बराच वेळ पेन चावत बसली.
मग काढा, म्हणाली. वेगळा काढा. वेळ खाईल.

माझे वडील ओंडके सोडायचे या नदीतून.
मी उंच धक्क्यावर, ते खाली तराफ्याच्या काठाशी,
हातात लांब आकडी, टोपी भुवयांपर्यंत.
घरीसुद्धा टोपी क्वचित उतरायची,
शब्द त्याहून क्वचित.
वरून मला फक्त ती गोल, मळकी टोपी दिसे.
त्यांचा चेहरा मी बघितला तो पाण्यात,
ओंडका पुढे सरकला
आणि पुढचा अजून आला नाही, तेवढ्यात.
एकदा तर ते स्वतःशी हसत होते.

अकरा ठिपके मिळाले मला टोपीखाली.
तीन रात्री गेल्या.
नाकाला एक. गालाच्या हाडाला दोन, फिकट.
मिशीला तीन, त्यातला एक चुकीचा,
पण तो काढला की ते दुसरेच कुणी होतात.
हसण्याला जागा नव्हती.
शेवटी डाव्या कडेचा ठिपका एक घर वर चढवला.

एलिएलनं खेळून बघितलं.
उडी, नाणं, बेडूक, उडी.
धक्का चार सेकंदांत मागे पडला,
पाण्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.
मस्त चालतो, म्हणाला, लंगडा असून.

तुइरेनं मात्र खेळ थांबवला. मागे नेला.
पडद्याजवळ वाकली
आणि काही बोलली नाही.
मग वर्गाकडे वळून म्हणाली,
हिवाळ्याचा टप्पा कोण घेतंय? नदी गोठलेली,
सगळं पांढरं, प्रतिबिंब नाही.

मी हात वर केला.
पांढरं मला येतं.